उकडलेल्या पडद्याची साक्ष

साक्षीबाब कँटीनमध्ये बसले की दोन कप मागवायचे. एकात चहा, दुसऱ्यात नुसतं कढत पाणी. आधी पाण्याचा वास घ्यायचे, मग चहाचा, मग पुन्हा पाण्याचा, आणि एवढं सगळं झालं की चहा प्यायचे. तोवर तो पार निवलेला असायचा. कँटीनवाला बेळगावकडचा होता, त्याला वाटायचं म्हाताऱ्याचं काहीतरी पथ्य असेल. मी नवीन होते, मी सरळ विचारून बसले. "वास च्येचो येता काय उदकाचो, तें आदीं कळूंक नाका?" बाब म्हणाले. पाणी न हुंगता चहाला नावं ठेवणारा माणूस त्यांच्या मते खोटी साक्ष देत होता. मी मनात म्हटलं, झालं! याच माणसाच्या शेजारच्या टेबलावर आता आपली तीन वर्षं जायची आहेत.

मी पेडणे तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील मराठी शाळेत मास्तर. एमएस्सी झाल्यावर पणजीकडच्या एका प्रयोगशाळेत मला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा वडिलांनी आईच्या विरोधात जाऊन मला पाठवलं. पण एका अटीवर. तीन वर्षांत हातात काही दिसलं नाही, तर मुकाट्याने घरी यायचं आणि ते दाखवतील त्या मुलासमोर पोह्यांची बशी घेऊन उभं राहायचं. वडील प्रेमळ होते, पण शब्दाचे पक्के होते, त्यामुळे ही अट मला रोज सकाळी बसमध्ये चढताना आठवायची.

माझं काम काय होतं ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इन्सुलिन रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. पण पेशीला त्याचा निरोप समजायला पेशीच्या पडद्यावर त्याला ओळखणारा एक रेणू असावा लागतो. त्याला म्हणतात रिसेप्टर. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशींच्या पडद्यावर असे रिसेप्टर असतात का, हे बोकडाच्या महाधमनीत शोधायचं, हा माझा विषय. म्हापशाच्या खाटकाकडून बर्फाच्या थर्मासातून धमनी आणायची, चरबी साफ करायची, बारीक चिरून घुसळायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, आणि तळाशी जो पांढुरका गाळ बसेल ते आपले पडदे. ते नळीत घालून वर खुणेचं, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन लावलेलं इन्सुलिन सोडायचं, गाळून घ्यायचं आणि गाळणकागदावर किती खूण अडकली ते यंत्रावर मोजायचं.

एवढ्याने भागत नाही. इन्सुलिन चिकट आहे, ते कुठेही चिकटतं. म्हणून जोडीच्या नळीत साधं इन्सुलिन भरपूर ओतायचं. पेडण्याच्या बसमध्ये आतल्या जागा मोजक्या असतात. गर्दी आली की बसलेल्याची जागा जाते. टपावर मात्र कितीही जण चढतात, तिथे कोणी कोणाला उठवत नाही. साध्या इन्सुलिनच्या गर्दीने खुणेचं इन्सुलिन उठलं, तर ते खऱ्या जागेवर बसलेलं होतं. नाही उठलं, तर ते टपावरचं. माझी सगळी मदार या उठण्या-न उठण्यावर होती.

साक्षीबाबांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. ते मूळचे डिचोलीचे. वडील पोर्तुगीज अमदानीत कोर्टात पट्टेवाले होते, त्यामुळे घरात सगळी भाषा कोर्टाची. बाब शिकले बेताचे, पण काचसामान धुता धुता सूक्ष्मदर्शक शिकले, मग यंत्रं शिकले, आणि मी गेले तेव्हा ते खात्यातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ होते. कोणी काही नवीन निष्कर्ष घेऊन आला की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बरें. साक्षीदार खंय?" एका साक्षीदाराने त्यांचं भागायचं नाही. दोन लागायचे, आणि ते एकमेकांना न भेटलेले हवेत. त्यावरून हे नाव पडलं, बाब म्हणजे आमच्याकडे मानाने म्हणायचं 'राव', आणि बाबांना ते आवडतही होतं, असा मला संशय आहे.

बाजारातही तीच तऱ्हा. म्हापशाला माझ्याबरोबर थर्मास घेऊन आले की परतताना बांगडे घ्यायचे. प्रत्येक बांगड्याचा कल्ला उघडून बघायचे, मग डोळा, मग पोट दाबून, आणि शेवटी उन्हात धरून. एकदा नुस्तेंकान्न, म्हणजे मासे विकणारी, वैतागली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाब, तुमी बांगडे घेवंक आयल्यात काय पंचनामो करूंक?" आजूबाजूच्या सगळ्या जणी हसल्या. बाब हसले नाहीत. ते म्हणाले, "दोनूय." आणि सहा बांगडे घेतले, ते खरोखरच फडफडीत ताजे निघाले.

बसची पाटी वाचून ते कधी बसमध्ये चढले नाहीत. पाटी वाचायचे, मग कंडक्टरला विचारायचे, मग आत बसलेल्या एखाद्या बाईला. तिघांचं जुळलं तरच पाय फूटबोर्डावर. माझ्यावरही तोच कायदा. नळ्यांवरचे माझे आकडे पुसून ते स्वतःचे गुप्त आकडे घालायचे, म्हणजे कुठल्या नळीत काय आहे ते मोजताना मला कळू नये. यादी त्यांच्या खिशात. मोजून झालं की यादी बाहेर. मला याचा किती राग यायचा म्हणून सांगू! मी काय चोर आहे? "चोर न्हय गो," ते म्हणायचे, "पूण तुका तो रिसेप्टर जाय आसा. जाका जाय आसता, ताच्या दोळ्यांक तो दिसता." ज्याला एखादी गोष्ट हवी असते, त्याच्या डोळ्यांना ती दिसतेच, असं त्यांचं म्हणणं.

ते वर्ष तसंही संशयाचंच होतं. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं होतं. रस्त्यावर झाडं आडवी पडायची, बस म्हापशाला थांबून परत फिरायची, आणि दहा-दहा वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं एकमेकांना बघून आवाज खाली करायची. कोण कोणत्या बाजूचा, हे चेहऱ्यावरून वाचायचा खेळ सगळीकडे चालला होता. माझे वडील मराठीवाले, हे खात्यात सगळ्यांना माहीत. बाब घरी कोकणी बोलायचे, संध्याकाळी देवळात मराठी पोथी वाचायचे आणि मनातल्या मनात मोजायला लागले की पोर्तुगीजमध्ये मोजायचे. दोन्ही बाजूंचे लोक सह्यांचे कागद घेऊन त्यांच्याकडे आले. बाबांनी दोन्ही कागद तीन-तीनदा वाचले, एकात गावाचं नाव चुकलेलं दाखवलं, दुसऱ्यात एकाच हाताच्या चार सह्या दाखवल्या, आणि सही कुठेच केली नाही. झालं, दोन्ही बाजूंना त्यांचा संशय आला. खरं सांगते, मलाही आला.

अशात माझं काम एकदाचं मार्गी लागलं. खुणेचं इन्सुलिन मिळेपर्यंत दोन वर्षं नुसती गाळात हात घालून काढली होती, आणि तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी आकडे असे यायला लागले की विचारू नका. खुणेचं इन्सुलिन पडद्यावर बसत होतं आणि साध्याची गर्दी झाली की सरसर उठत होतं. आलेख काढला तर पुस्तकात छापावा असा वाक. आमचे खातेप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, इतके खूश झाले की त्यांनी एका मोठ्या परिषदेला माझ्या नावाने गोषवारा पाठवून दिला आणि सगळ्यांना खाजं, आमच्याकडची जत्रेतली मिठाई, वाटलं. मी त्या शनिवारी घरी जाऊन वडिलांना आलेख दाखवला. त्यांना तो कळला नाही, पण त्यांनी तो शाळेत नेला.

साक्षीबाबांनी खाज्याचा तुकडा तोंडात घातला नाही. कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला. "साक्षीदार आयले की खातां," म्हणाले. मी चिडून म्हटलं, "बाब, साधं इन्सुलिन हा साक्षीदार नाही काय?" "एक जालो," ते म्हणाले. "दुसरो?" दुसरा म्हणजे रिकामी नळी. पडदा घालायचाच नाही, बाकी सगळं तसंच. काच किंवा गाळणकागदच इन्सुलिन धरत असला तर तिथेही आकडे येतील. मी दात-ओठ खात तो प्रयोग केला. रिकाम्या नळीत काही आलं नाही. म्हणजे मी सुटले! मी त्यांच्याकडे बघत राहिले, आता तरी खाजं खातील म्हणून. त्यांनी खण उघडला तर खाज्याला मुंग्या लागल्या होत्या.

"आतां तिसरो," बाब म्हणाले. तिसरा कुठून आला? दोनच लागतात ना? पण ते ऐकेनात. "पडदो उकड. दहा मिनटां खतखतीत उदकांत. रिसेप्टर म्हळ्यार जिती वस्त. खरो आसा जाल्यार उकडल्यार मरतलो. मरना जाल्यार तो रिसेप्टर न्हय, दुसरेंच कितें तरी." मी म्हटलं, करू या. अंडं उकडलं की ते पुन्हा पातळ होत नाही, तसा रिसेप्टरही मोडणार, आकडे शून्यावर येणार आणि या माणसाचं तोंड कायमचं बंद होणार. मी अर्धे पडदे उकडले, अर्धे तसेच ठेवले, बाबांनी त्यांचे गुप्त आकडे घातले, आणि आम्ही मोजलं.

उकडलेल्या पडद्यावर इन्सुलिन तस्संच बसलं होतं. थोडं जास्तच.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? या माणसाने नळ्या बदलल्या. यादी त्यांच्या खिशात, आकडे त्यांचे, हात त्यांचे. माझा हा शेवटचा काळ, मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपणार, गोषवारा पाठवलेला, आणि हे म्हातारं... मी त्यांना तिथेच, सेंट्रिफ्यूजसमोर, सगळ्यांच्या देखत बोलले. रागात माझी पेडण्याची बोली बाहेर आली. "बाब, तुमका माझो रिझल्ट बघवना काय? माझे वडील त्या बाजूक, म्हणान तुमी असा करतास?"  बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत घातला. "कोकणी इन्सुलिन आनी मराठी इन्सुलिन वेगळें आसता काय गो?" एवढंच म्हणाले. मग खिशातली यादी काढून माझ्या हातात दिली. "ह्या फुडें तूं आंकडे घाल. म्हाका सांगूं नाका."

मी आकडे घातले. मीच उकडलं, मीच मोजलं. उत्तर तेच. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.  जे मरत नाही ते जिवंतही नाही, म्हणजे माझ्या दोन वर्षांच्या गाळात रिसेप्टर नावाचं काही नव्हतंच. पण मग इन्सुलिन बसत होतं कशावर? बाबांना आता खाटकाचा संशय आला, मग बर्फाचा, मग नळाच्या पाण्याचा. त्यांनी एकेकाला पकडून चौकशी केली आणि एकेकाला सोडून दिलं. मला मात्र अजूनही त्यांचाच संशय होता, आता नळ्या बदलल्याचा नाही, त्यांच्या हातून काही चुकल्याचा, पण होताच.

मग एक दिवस पुन्हा गोवा बंद झाला. मी आदल्या दिवशीच पणजीला मावशीकडे राहिले होते, म्हणून पोचले. धमनी आदल्या दिवशीची बर्फात होती. रबरी हातमोजे घ्यायला गेले तर उरलेली शेवटची जोडी फाटलेली. त्या काळी आमच्याकडे हातमोजे फेकायची पद्धत नव्हती. धुवायचे, खिडकीच्या गजावर वाळत घालायचे, आणि रबर रबराला चिकटू नये म्हणून आतून-बाहेरून पांढरी पूड लावून डब्यात ठेवायचे. मी म्हटलं, जाऊ दे, पडदे काढायला काही किरणोत्सार नसतो. हात कोपरापर्यंत धुतले आणि उघड्या हातांनीच धमनी साफ केली. त्या दिवशी पडद्यावर इन्सुलिन जवळजवळ बसलंच नाही.

मी म्हटलं, धमनी शिळी. पुढच्या आठवड्यात ताजी धमनी आणि नवे मोजे. इन्सुलिन पुन्हा बसलं. त्याच धमनीचा दुसरा तुकडा, मोजे न घालता. नाही बसलं. मी तिथल्या तिथे स्टुलावर बसले. माझ्या बोटांच्या फटीत पांढरी रेघ राहिली होती. पूड! धमनी साफ करताना ती पूड मांसाला लागत होती, घुसळताना बारीक होत होती आणि पडद्यांबरोबर तळाशी बसत होती. रिकाम्या नळीत काही सापडलं नाही, कारण तिथे मी धमनीच घातली नव्हती आणि तिच्याबरोबरची पूडही नव्हती.

आणि ती पूड होती साक्षीबाबांची. पूर्वी विलायती पावडरीचे डबे यायचे, ते बंद झाल्यावर बाबांनी ही सोय काढली होती. डिचोलीला त्यांच्या घरी शिरगोळा असायचा. शिरगोळा म्हणजे मऊ पांढरा दगड, ज्याची आपल्याकडे रांगोळी करतात. त्यांची बायको तो खलात कुटून फडक्यातून तीनदा गाळायची आणि बाब दर दोन महिन्यांनी बिस्किटांचा डबा भरून आणायचे. "विलायतेपरस बारीक," म्हणून चिमटीत धरून दाखवायचे. सगळ्या जगाचा संशय घेणाऱ्या या माणसाने आपल्या घरच्या पुडीचा संशय कधी घेतला नव्हता.

कबूल करते, माझ्या मनात पहिल्यांदा आला तो आनंद. दुष्ट आनंद. सापडलास ना, बाबा! पण तो टिकला नाही. कारण सरांच्या टेबलावर बाबांच्या मुदतवाढीचा कागद पडलेला होता. ते त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते आणि एक वर्ष वाढवून मागत होते, घरी मुलीचं लग्न होतं. मी गप्प बसून पूड बदलली असती तर कोणालाच कळलं नसतं. पण मग परिषदेला गेलेला गोषवारा तसाच छापून आला असता, माझ्या नावाने, खोटा. आणि सरांना खरं सांगायचं तर डबा कोणी आणला तेही सांगावं लागणार. दोन दिवस मी बसमध्ये हाच विचार करत होते. तिसऱ्या दिवशी मी आधी बाबांनाच सांगितलं.

 "तूं म्हजेर दुबाव घेता?" ते म्हणाले. दुबाव म्हणजे संशय. आवाज इतका बारीक, की मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. मग मात्र ते भडकले. बारा वर्षं ती पूड इथे आहे, कोणाचं काही बिघडलं नाही, आणि आज पेडण्याची पोर मला शिकवते! ताडताड निघून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कँटीनमध्येही आले नाहीत. मला वाटलं, संपलं. या माणसाचं आणि आपलं आता सरळ बोलणं होणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर बाब आधीच आलेले. समोर बिस्किटांचा डबा, शेजारी सहा नळ्या. "बोकड घालूं नाका," ते म्हणाले. "एके नळयेंत पूड. एकेंत उकडिल्ली पूड. एकेंत पूड आनी भरपूर सादें इन्सुलिन. एकेंत खडू, एकेंत पीठ, एक रिती. आंकडे तूं घाल. म्हाका दाखोवं नाका."  त्यांनी गाळलं, त्यांनी मोजलं, एकेक आकडा मोठ्याने वाचला आणि मी लिहून घेतला. शेवटी ते म्हणाले, "यादी वाच." मी वाचली. खडू, पीठ, रिकामी नळी, या तिन्हींत काही नाही. पुडीच्या नळीत मात्र माझ्या कुठल्याही बोकडापेक्षा जास्त इन्सुलिन. उकडलेल्या पुडीत तेवढंच. आणि साध्या इन्सुलिनची गर्दी केलेल्या नळीत ते उठून गेलेलं. रिसेप्टरच्या म्हणून ज्या खुणा आम्ही शोधत होतो, त्या सगळ्या त्या दगडाकडे होत्या. फक्त उकडून तो मरत नव्हता.

बाब उठले. मग डब्याचं झाकण लावलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सरांच्या खोलीकडे निघाले. मी मागून धावले. "बाब, तुमचो कागद तांच्या टेबलार आसा," मी म्हटलं. "म्हाका खबर आसा," ते म्हणाले.

सर चांगले होते. ते म्हणाले, "बाब, चुका होतात, आतल्या आत सुधारू. लेखी द्यायची काय गरज?" पण बाबांनी लेखी आधीच आणलं होतं, कोर्टात देतात तसं, मराठीत, वळणदार अक्षरात: मी खाली सही करणार असं लिहून देतो की हातमोज्यांची पूड मी स्वतः आणली, ती तपासली नाही, आणि संशोधक मुलीची यात कसूर नाही. सरांनी गोषवारा मागे घेतला. आठवडाभर ते माझ्याकडे बघतही नव्हते, पण त्या कागदाच्या जोरावर मला शिष्यवृत्तीची आणखी एक वर्षाची मुदत मिळाली. बाबांची मुदतवाढ मात्र नामंजूर होऊन आली. कारण कोणी सांगितलं नाही, आणि माझा संशय अजून गेलेला नाही.

मग घरी जाऊन सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. तो आलेख त्यांनी अख्ख्या शाळेला दाखवला होता. "म्हणजे ते चूक होतं?" "होय." "आणि त्या माणसाने ते स्वतः लिहून दिलं?" "होय." वडिलांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "जा. आणखी एक वर्ष. अशा माणसाजवळ आहेस तर शिकून घे." आई आत भांडी आपटत होती. त्या दिवशी मला बाबांसाठी रडू आलं, पहिल्यांदा.

गोवा घटक राज्य झालं, पणजीत फटाके वाजले, आणि पुढच्याच महिन्यात साक्षीबाब निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. सगळे त्यांच्या संशयी स्वभावाचे किस्से सांगून हसले, तेही हसले. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेले आणि म्हटलं, प्रबंधात सगळ्यात पहिले आभार तुमचे मानणार. ते थांबले. "उपकार नाका. ते कोणूय मानता. ही चूक घाल. पुराय घाल, पूड, दगड, सगळें. आनी म्हजें नांव घाल." मी म्हटलं, बाब, चुकीखाली कोणी नाव घालतं काय? "नांव ना जाल्यार चूक कोणाची? कोणाचीच न्हय. मागीर दुसरो कोण तरी तीच करतलो." मला ते मान्य नव्हतं. मी त्या दिवशी हो म्हटलं, ते त्यांची बस सुटत होती म्हणून.

शेवटी खरे रिसेप्टर सापडले. थोडेच होते, जेमतेम, आणि उकडले की मरत होते. आलेख काही सुंदर वगैरे नव्हता. प्रबंधात मी चूक घातली, पुढे एका छोट्या टिपणातही छापली, आणि दोन्ही ठिकाणी बाबांचं पूर्ण नाव घातलं. रिसेप्टरबद्दल मला आजवर कोणी एक ओळ लिहिली नाही. पण दोन वर्षांनी उत्तरेकडच्या एका प्रयोगशाळेतून एका विद्यार्थ्याचं पत्र आलं: तुमचं टिपण वाचून आम्ही आमचे पडदे उकडून पाहिले, आमचेही मेले नाहीत, आमच्याकडेही हातमोज्यांची पूडच निघाली. बाबांना आमचे आभार कळवा.

मी ते पत्र घेऊन धावत डिचोली गाठली. बाब आता थकले होते, दम लागायचा, पण पत्र हातात घेतलं आणि आधी पाकीट तपासलं. तिकीट, शिक्का, मागचा पत्ता. मग मजकूर वाचला, हळूहळू, ओठ हलवत. मग चष्मा कपाळावर नेऊन माझ्याकडे बघितलं. "हें तुवेंच बरोवन घेतलां न्हय? म्हाताऱ्याक बरें दिसूंक?" मी कोणाकडून काही लिहवून घेतलेलं नाही, अशी शपथ घेतली. देवाची घेतली, वडिलांची घेतली. त्यांनी मान डोलावली, पत्र ठेवून घेतलं, पण पटलं नव्हतं. मला इतका राग आला! एक गोष्ट, आयुष्यात एक गोष्ट या माणसाने नुसती ऐकून घेतली असती तर काय बिघडलं असतं? त्याच रागात मी परतीची बस पकडली. त्यानंतर आमची भेट झाली नाही. पावसाळा संपायच्या आत बाब गेले.

महिन्याभराने मी माईंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेले. त्यांनी आतून एक पाकीट आणलं. "हें आयलां, ते गेल्या उपरांत. म्हाका इंग्लीश कळना. तूं वाच." पाकिटावर बाबांचं नाव होतं, मागे उत्तरेकडचा तोच पत्ता. म्हणजे बाबांनी त्या लोकांना स्वतः लिहून विचारलं होतं, की हे पत्र खरोखर तुमचं आहे काय. आणि त्यांच्या प्रमुखांनी सहीशिक्क्यानिशी उत्तर दिलं होतं. होय, पत्र आमच्याच विद्यार्थ्याचं आहे. आपल्या चुकीमुळे आमचं एक वर्ष वाचलं. आता आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पडदा आधी उकडायला सांगतो आणि तेव्हा आपलं नाव सांगतो.

मी माईंना कोकणीत सगळं सांगितलं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत ऐकत होत्या. "म्हळ्यार तें खरें आशिल्लें?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "होय माई, खरेंच." त्यांनी बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "मागीर आतां तांकां तें कोण सांगतलो गो?"

 मी पत्र उलगडलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले, मोठ्याने.